बाईंना मधीच थांबवायचं

बसा की पावणं, उभं का ऱ्हायलासा, त्या खुर्चीवरचं तांब्याचं भेंडोळं तेवढं खाली ठेवा, जळकंच हाय ते. तर माझं नाव सदाशिव, पर पेठेत सदाशिव कुठं ऱ्हातो म्हणून इचारलासा तर कोण सांगणार न्हाय, सदा पैलवान म्हणा न्हायतर सदा वाइंडिंगवाला म्हणा, शेंबडं पोरगं बी तुमास्नी हितं आणून सोडंल. जलम हितलाच, शिवाजी पेठेतला, आई मुरगूडकडची, आन आमचं घर तालमीच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं चालायला लागलो ते तालमीतच गेलो म्हणा की. शाळा सातवीपतोर. आठवीच्या वर्गात बी चार म्हैने बसलतो, पर ते बसणंच, शिकणं न्हवं.

आमच्या तालमीच्या वस्तादांचंच मोटारी भरायचं दुकान हुतं. मोटार भरायची म्हंजे काय, तर शेतातली पाण्याची मोटार जळली की तिच्या पोटातली जळकी तार सगळी उपसून काढायची आन नवी तार घालायची, ह्यालाच वाइंडिंग म्हणत्यात. सकाळी अंगाला लाल माती, दुपारी हातात तांब्याची तार, आन दोन्हीकडं वस्ताद एकच. कायदा बी दोन्हीकडं एकच. वस्ताद बोलत असलं की कुणी हालायचं न्हाय, कुणी उठायचं न्हाय, मधी बोलायचं तर न्हायच न्हाय, आन एकदा सांगितलेलं परत इचारलं तर ती बेअदबी. मी एकदा इचारलं हुतं. चोवीस खाचांची मोटार असती, म्हंजे पोटात तार बसवायला गोलाकार चोवीस खाचा, त्यात तीन तारा भरायच्या असत्यात, पयली तार एक नंबरच्या खाचेतनं सुरू करायची, दुसरी नऊ नंबरच्या, तिसरी सतराच्या. मी म्हणलं वस्ताद, एक, नऊ, सतराच का, दोन, पाच, अकरा का न्हाय. कानाखाली अशी बसली की दोन दिस एका कानानं तालमीतला दंगा ऐकू येईना. म्हणलं, तुला मोटार भरायची हाय का चौकशी करायची हाय. मग भरायला लागलो, ते तीस वर्सं झाली भरतोयच, एक, नऊ, सतरा, परत कधी तोंड उघडलं न्हाय. आन मला त्यात काय वावगं बी वाटलं न्हाय बगा, वस्ताद म्हंजे देव, देवाला कोण उलटं इचारतंय.

आता हे सगळं कशाला सांगतोय म्हणशीला, तर त्याशिवाय पुढचं कळणार न्हाय. मला एकच पोरगी, प्राजक्ता, आमी प्राजू म्हणतो. लई गुणाची, आन बापाच्या वळणावर गेलीया, म्हंजे हट्टी. लहान असल्यापासनं हितंच दुकानात बसून अभ्यास करायची, दहावीला मराठी शाळेतनं चांगल्या मार्कानं निघाली आन म्हणली अप्पा, मी पॉलिटेक्निकला जातो, इलेक्ट्रिकल घेतो. आमच्याकडं पोरी बी मी जातो, मी येतो असंच बोलत्यात, तुमास्नी म्हाईतच असंल. तिची आई शोभा म्हणली, आगं पोरीची जात, तारांत हात घालून काय करणार हाईस. मी म्हणलं घालू दे की, तिच्या बापानं जलमभर घातलाय, मेला काय. ॲडमिशन झाली तवा पेठेत पेढं वाटलं हुतं मी, ओरडून सांगायचो सगळ्यास्नी, पोरगी इंजिनेर हुणार म्हणून.

पर तितं झालं काय, सगळं शिकवणं इंग्रजीत. शिकवणारी माणसं चांगली हुती, त्यांच्याबद्दल माझी काय तक्रार न्हाय, पर वर्गात ढीगभर पोरं आन आमची मराठी शाळेतली, गणितातलं गणित कळायच्या आदी त्यातलं इंग्रजी कळायला पायजे. मग तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, मोबाईलवर एक बाई हाईत, त्या हेच सगळं गणित मराठीत शिकवत्यात, फुकट, कोण बी बघू शकतंय. आता मोबाईल घरात एकच, तो बी माझा, आन तो दिसभर दुकानात पायजे, कागलपासनं मुरगूडपतोर शेतकऱ्यांचं फोन असत्यात, मोटार जळली, कवा देतोस, म्हणून. पोरीला येगळा मोबाईल घेऊन द्यायला मीच नको म्हणलतो, पोरी बिघडत्यात म्हणून, खरं सांगतो, लपवत न्हाय. मग ठरलं की सकाळी सहा ते सात मोबाईल प्राजूचा.

पयल्या दिवशी मी बी बसलो तिच्या शेजारी, बघावं तरी कोण बाई हाय. तर काय सांगू तुमास्नी, भिंतीवर रंगवलेला काळा फळा, बाजूला स्टीलच्या मांडणीचं एक टोक दिसतंय, आन डोक्यावरनं पदर घेतलेली माझ्याच वयाची बाई हातात खडू घेऊन उभी. मधीच कुकरची शिट्टी झाली. बाई म्हणल्या, झाली का दुसरी शिट्टी, आणि परत खडू फळ्यावर. बोलणं आमच्याकडचं न्हवं, तिकडं वरच्या अंगाचं, नागपूर-अमरावतीकडचं असंल, सारखं पाहा बरं, पाहा बरं म्हणायच्या. मला तर काय कळत न्हवतं, पर मी हात जोडूनच बसलो. अहो, भाजी शिजायला टाकून ही बाई कुणाच्या कुठल्या पोरांस्नी इंजिनेरचं गणित शिकवतीया, आन फी न्हाय, ओळख न्हाय, पाळख न्हाय.

मग मी घरात कायदा केला. म्हणलं प्राजू, ह्या आपल्या वस्ताद. मोबाईल पाटावर ठेवायचा, आपण खाली बसायचं, पायात चप्पल न्हाय, आन बाई बोलत्यात तवर मधी उठायचं न्हाय, बोलायचं न्हाय, आन बाईंना मधीच बंद करायचं न्हाय. सुरवातीपासनं शेवटपतोर ऐकायचं. एकदा दुसऱ्या दिवशी तिनं मधीच बोट लावलं आन बाई थांबल्या, तोंड उघडंच ऱ्हायलेलं. मी असा वरडलो तिच्यावर, म्हणलं वस्तादांच्या तोंडावर हात ठेवतीस व्हय गं. बिचारीनं बोट काढून घेतलं. त्यानंतर रोज सकाळी आमी दोघं बापलेक मांडी घालून पाऊण तास सरळ बसायचो, ती वहीत लिहायची, मी बाईंच्याकडं बघत. सात वाजलं की मी मोबाईल खिशात घालून दुकानात. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. शोभा म्हणायची, देवळात सुद्धा इतकं गप बसत न्हाई हा माणूस. आन मी मनात म्हणायचो, बघा, पोरीला कशी शिस्त लावलीय.

चार म्हैने असं झालं. परीक्षा झाली, निकाल लागला. सगळ्यात पास, गणितात नापास.

पोरगी रडली न्हाय, त्येचंच मला भ्या वाटलं. गप जेवली, ताट घासलं आन म्हणली अप्पा, उन्हाळ्याला परत परीक्षा असती, ती देतो, पर त्या खेपेला बी गेलं तर मी कॉलेज सोडणार. मला ते येत न्हाय, मला डोस्कंच न्हाय. तेवढ्यात तिच्या मुरगूडच्या मामाचा फोन, कागलला एक चांगलं स्थळ हाय म्हणून, त्येला वास कसा लागला देव जाणं. शोभा माझ्याकडं बघायला लागली. मी भांडलो मामाबरोबर, फोन आपटला, पर रागाच्या आत मला म्हाईत हुतं की पोरगीच मनातनं खाली बसली असंल तर मी वरडून काय उपेग न्हाय. कुस्तीत बघितलंय की मी, अंग चीत व्हायच्या आदी मन चीत हुतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पाट मांडला. ती आली न्हाय. मी म्हणलं का गं. म्हणली, अप्पा, बाई लई भरभर जात्यात. मी पयल्या ओळीवर इचार करतोय तवर बाई चौथ्या ओळीवर असत्यात. मग पुढचं सगळं निस्तं उतरून काढायचं. मी म्हणलं मग बाईंना हळू सांगा म्हणायचं. ती हसली, निकालानंतर पयल्यांदा हसली, आन म्हणली अप्पा, बाईंना काय सांगायचं न्हाय, बाईंना थांबवायचं असतंय. ते त्यासाठीच असतंय. वर्गातल्या सगळ्या पोरी थांबवून थांबवून बघत्यात, कळंस्तोवर तेच तेच बघत्यात. मी म्हणलं, मग तू का न्हाय बघितलंस. माझ्याकडं निस्तं बघितलं तिनं. आन पावणं, त्या बघण्यानं मला कळलं, वस्तादांच्या त्या थपडीनं जेवढं कळलं न्हवतं तेवढं कळलं. चार म्हैने मी हिच्या शेजारी राखण करत बसलतो, हिला इचारू द्यायचं न्हाय म्हणून.

तवाच मला बोलायला पायजे हुतं, चुकलं माझं म्हणून. तोंडापतोर आलं बगा. पर आलं न्हाय भाईर. मी नुस्तं म्हणलं, थांबव की मग, कोण नको म्हणतंय, आन दुकानात निघून गेलो. मोबाईल मात्र पाटावरच ठेवला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन शिव्या देऊन गेली, फोन का उचलत न्हाईस म्हणून, म्हणलं द्या.

त्यानंतर मी रोज सकाळी बसायचो, पर आता येगळंच बघायला लागलो. प्राजू बोट लावायची, बाई थांबायच्या. ही वहीत सोडवायची, डोस्कं खाजवायची, परत बोट लावायची, बाई तिथनंच पुढं सुरू. कळलं न्हाय की मागं ढकलायची, बाई परत तेच. एका धड्याला मी मोजलं, एकच गोष्ट अकरा वेळा सांगितली बाईंनी, आन अकराव्या खेपेला बी आवाज तसाच, पयल्यासारखा, पाहा बरं. कपाळावर आठी न्हाय, पोरी तुला डोस्कं हाय का न्हाय, असलं काय न्हाय. मी तर थक्कच. मी म्हणलं असला वस्ताद मी जलमात बघितला न्हाय. आमचं वस्ताद देवमाणूस, पर दुसऱ्यांदा इचारलं की हात उठायचा. हितं अकरा खेपा, आन बारावी इचारली तरी तयार. माझ्या मनात आलं, आठवीत मला असली एक बाई भेटली असती तर. जाऊ दे.

एक दिवस तर आक्रीतच झालं. बाईंनी फळ्यावर एक गोल काढला आन म्हणल्या, तुमच्या शेतात पाण्याची मोटार असते ना, तिला तीन तारा येतात, पाहा बरं. मी सरळ झालो, म्हणलं ही तर आपली गोष्ट. बाईंनी गोलाचं तीन सारखं भाग केलं, प्रत्येक भाग एकशे वीस अंशाचा, आन मग तीन नागमोडी रेघा काढल्या, एकीच्या मागं एक, म्हणल्या ही पहिली तार, एकशे वीस अंशानं मागं दुसरी, तेवढ्यानंच मागं तिसरी, म्हणून मोटार गोल फिरते. प्राजूनं बाईंना थांबवलं. माझ्याकडं वळली, डोळं असं मोठ्ठं, म्हणली अप्पा, चोवीस खाचांचं तीन भाग केलं तर आठ-आठ खाचा येत्यात. एक, नऊ, सतरा!

तीस वर्सं. शेकड्यांनी मोटारी भरल्या मी, डोळं झाकून भरल्या, आन माज्या हाताला म्हाईत हुतं ते मला म्हाईत न्हवतं. त्या बाईंनी कुठंतरी लांब, कुकर लावता लावता, माझ्या कानाखाली बसलेल्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर काढून ठेवलं हुतं. मी प्राजूला म्हणलं, जरा मागं घे गं, मला परत बघू दे. तिनं घेतलं. मी तीनदा बघितलं. शोभा चहा घेऊन आली तर म्हणली, आता तुमी बी परीक्षेला बसा. त्या दिवशी दुकानात गेलो आन पयलीच मोटार भरायला घेतली तर, खोटं सांगत न्हाय, देवाच्या मूर्तीला हात लावावा तसं वाटत हुतं.

पर पोरीचं अजून खरं न्हवतं. कळायचं सगळं, पर उत्तर आलं की भरवसा न्हाय. सोडवायची, बरोबर असायचं, तरी बाईंचं उत्तर बघून मगच खाली रेघ मारायची. परीक्षा तीन आठवड्यावर आलेली. एका सकाळी बाईंनी गणित घातलं, परत तोच एकशे वीसचा कोन. प्राजूनं बाईंना थांबवलं, सोडवलं, उत्तर आलं उणे एक छेद दोन. मग बाईंना सुरू केलं. बाईंनी लिहिलं, एक छेद दोन. उणे न्हाय. प्राजूनं वही बघितली, फळा बघितला, खोडरबर घेतला आन ते उणे खोडायला लागली. इतकं घासलं की कागदच फाटला. आन मग रडली. नापास झाल्यावर रडली न्हाई ती आता रडली. म्हणली, बघितलंसा, मला येतंय असं वाटतंय तवाच चुकतंय, मला न्हाय जमणार, मी परीक्षा देणार न्हाय. मला त्यातलं काय कळतंय. बाई तिकडं बोलतच हुत्या, कुणाचं लक्ष न्हवतं.

आन मोबाईलमधनं आवाज आला, अरे, थांबा थांबा, चुकलं माझं.

आमी दोघांनी बी वर बघितलं. बाईंनी खडूनं त्या आकड्याभवती गोल केला आन म्हणल्या, इथं उणे पाहिजे, मी विसरले. ज्यांचं उत्तर उणे आलं, त्यांचं बरोबर आहे बरं का. त्यांनी खोडू नका. माझं चूक आहे.

त्यांनी खोडू नका, म्हणल्या बगा. जसं काय त्या हितं बसून बघत हुत्या. मला सांगा पावणं, ही बाई तो तुकडा कापून टाकू शकत हुती की, परत नीट फळा लिहून परत काढू शकत हुती, कुणाला कळलं असतं. तिनं तसंच ठेवलं. सगळ्या दुनियेम्होरं, चुकलं माझं. मी पन्नाशी गाठली, वस्ताद बघितलं, मास्तर बघितलं, पुढारी बघितलं, बाप बघितला आन स्वतः बाप झालो, पर शिकवणारा माणूस शिकणाऱ्याला तुझं बरोबर, माझं चूक म्हणतोय हे मी पयल्यांदा बघितलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं, पैलवान माणूस मी, लाज वाटली न्हाय. आन प्राजू? प्राजूनं फाटलेल्या कागदाच्या मागनं दुसरा कागद चिकटवला, त्यावर उणे लिहिलं, एवढं ठळक, आन खाली रेघ मारली. त्या दिवसानंतर बाईंचं उत्तर बघायच्या आदी रेघ मारायला लागली.

उन्हाळ्यात परीक्षा दिली. निकालादिवशी मी दुकान उघडलंच न्हाय, उंबऱ्यात बसून ऱ्हायलो. प्राजू आतनं आली, म्हणली अप्पा, निघालं. मार्क काय डोंगराएवढं न्हाईत, पर निघालं, तिच्या हातानं निघालं. मी तिला उचलून फिरवली, शोभा वरडतीया, आवो कंबर जाईल तुमची. आता दुसऱ्या वर्षाला हाय ती, येगळा मोबाईल बी घेतलाय तिला. मुरगूडच्या मामाला पेढं मी स्वतः नेऊन दिलं, एक जादाच दिला.

आता गुरुपौर्णिमा झाली, आठ दिस झालं. तालमीत वस्तादांच्या फोटोला नारळ फोडला, घरी आलो आन म्हणलं, बाईंना बी नारळ द्यायला पायजे. शोभा म्हणली, गाव म्हाईत न्हाय, पुरं नाव म्हाईत न्हाय, कुठं नेऊन देणार. तवा प्राजू म्हणली, व्हिडिओच्या खाली लिहायला जागा असती अप्पा, आपुन लिहू. तिनं दाखवलं, तर खाली ही रांग लोकांची, कुठल्या कुठल्या गावची पोरं, कुणी लिहिलंय बाई पास झालो, कुणाच्या आईनं लिहिलंय, कुणी रिक्षा चालवत शिकतोय. जत्रा लागलेली बगा, आन मधी ती एकटी बाई खडू घेऊन उभी. मी किती तरी वेळ निस्तं वाचतच बसलो.

मग प्राजूला म्हणलं, लिही, मी सांगतो. नमस्कार बाई. मी कोल्हापूरचा सदा पैलवान, मोटारी भरतो. माझी पोरगी तुमच्यामुळं पास झाली. एकशे वीसच्या गणितात तुमी चुकलासा आन सगळ्यांम्होरं चुकलं माझं म्हणलासा, म्हणून ती परीक्षेला बसली. तुमचं धडं थांबवून बघायचं असत्यात, मी चार म्हैने पोरीला थांबवू दिलं न्हाय, म्हणून ती नापास झाली. डोस्कं तिचं बरोबर हुतं. चूक माझी हुती. हे मी तिला अजून बोललो न्हाय. देव तुमास्नी लई आयुष्य देवो, तुमच्या घरात कशाला कमी पडू नये.

प्राजूचा अंगठा मधीच थांबलता. मान खालीच. म्हणली, अप्पा, ते मधलं बी लिहू? म्हणलं, व्हय, ते बी लिही. लिहिलं तिनं. मग म्हणली, ते मधलं जरा परत सांगा की, नीट ऐकू आलं न्हाय.

ऐकू आलं हुतं तिला. लिहून बी झालतं, मला दिसत हुतं की. मी परत सांगितलं.